उघडून धुता येतील असे माइक

आत्या,

तुझ्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी माइकांची पेटी ओसरीवर आणून ठेवली आणि म्हणाले, "साउंड काढून टाकू. मंडप, खुर्च्या, भांडी ठेवू. माइकांचं कोण बघणार आता?" कोणी काही बोललं नाही. मीही नाही. मी बोलत नाही हे तुला माहीतच आहे. खंडेनवमी झाली की किन्हवलीकडचा एक माणूस पेटी बघायला येणार, असं तिथल्या तिथे ठरून गेलं, आणि काका पेटी तशीच ठेवून गुरांकडे गेले.

तू कशी गेलीस, कुठल्या दवाखान्यात, शेवटी काय म्हणालीस, हे गेल्या काही दिवसांत घरातल्या प्रत्येकाने इतक्यांदा सांगितलंय की आता ते दुसऱ्याच कोणाचं तरी वाटायला लागलंय. ते मी इथे लिहीत नाही. मला पेटीबद्दल लिहायचंय. त्या पेटीवरून आपलं भांडण सुरू होतं आणि ते मिटलेलं नाही.

धसईला, तुझ्या सासरी, काकांचा मंडपाचा धंदा. बांबू, कापड आणि माणसं काकांची, आवाज तुझा. लोक हसायचे म्हणे सुरुवातीला, बाई कर्णे बांधते म्हणून. मी पाहिलं तोवर हसणं संपलं होतं आणि मुरबाडपासून डोळखांबपर्यंत "काकींचा साउंड" असंच म्हणायचे. मी शहापूरची, इंग्रजी शाळेतली, सुट्टीत तुझ्याकडे येणारी. पाहुणे आले की मी माळ्यावर जाऊन बसायचे. आईने तुला सांगितलं, हिला जरा माणसांत ने. तू मला हळदीच्या मंडपात नेलंस आणि आवाज कमी-जास्त करायच्या मिक्सरच्या मागे खुर्ची टाकून दिलीस. "बोलायचं नाय ना तुला? नको बोलू. ऐकायला बस." मला त्याआधी कोणी ऐकायला बस असं सांगितलंच नव्हतं. सगळे बोल म्हणायचे.

विलासपासून हे सुरू झालं. मुरबाडच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवणारा विलास, दिवसा कारखान्यात आणि लग्नसराईत आपल्याकडे. तेव्हा गायकांना माइक होते, कीबोर्डची वायर सरळ मिक्सरमध्ये जायची, आणि ड्रम बिचारा उघडा वाजायचा. एका दुपारी तो ओसरीवर येऊन बसला.

"काकी, माझा ड्रम फक्त नवऱ्याच्या मावशीला ऐकू येतो. ती माझ्या पुढ्यात बसलेली असते म्हणून."

"मग मावशी काय बोलते?"

"मावशी बोलते, बंद कर."

तू हसलीस, पण त्याने पुढे जे सांगितलं त्यावर हसली नाहीस. ऑर्केस्ट्रातली बाकीची मुलं पुढच्या हंगामापासून कल्याणचा साउंड बोलवा म्हणत होती. त्यांच्याकडे ड्रमला वेगळे माइक होते. ऑर्केस्ट्रा गेला की हळदी गेल्या, आणि हळदी गेल्या की आपल्याकडे काय राहतं? ग्रामपंचायतीच्या सभा. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "बाय, तुला इंग्लिश येतं. चल माझ्यासंगं मुंबईला."

इंग्रजी वाचता येणं आणि दुकानात तोंड उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तू धरूनच चालली होतीस. लॅमिंग्टन रोडच्या त्या दुकानात मी खोक्यावरचं वाचत होते आणि बोलत तू होतीस. प्रत्येक माइक तू दुधीभोपळा घ्यावा तसा हातात घेऊन तोलून पाहिलास. हलका निघाला की लगेच परत.

"भैया, ये नीचे गिरेगा तो?"

"नीचे क्यों गिरेगा, बहनजी?"

"हमारे यहाँ गिरताय. सब गिरताय. एक बार गिरा के देखू?"

"बहनजी, माइक है, नारियल नहीं."

"नारियल का हमको टेन्शन नाय. वो फुटताय तो खाने को तो मिलताय."

दुकानदाराला काय वाटलं कोण जाणे. त्याने स्वतःच एक जाडजूड माइक उचलला, लाकडी फळीवर दोनदा आपटला आणि पुन्हा जोडून त्यात बोलून दाखवलं. तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू स्थळ पसंत पडलंय.

मी तुझा पदर ओढून हळूच दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, बटणवाला माइक ड्रमला नको. काठी लागली तर बटण बंद होईल आणि वाजवणाऱ्याला कळणारही नाही. दुसरी, वेगवेगळे घेण्यापेक्षा स्नेअर आणि टॉम, म्हणजे काठीने वाजवायच्या ड्रमांसाठी, सगळे एकाच जातीचे घेऊ; एक गेला तर दुसऱ्याचे भाग त्याला लागतील. तू ते दुकानदाराला मोठ्याने सांगितलंस आणि वर म्हणालीस, "ये हमारी साउंड इंजिनियर है." मी अकरावीत होते. खोक्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.

खोक्यात एक कागद होता, त्यावर पानाच्या आकाराची एक आकृती. घरी आल्यावर मी तुला ती समजावून सांगितली. या माइकला समोरचं नीट ऐकू येतं, बाजूचं कमी, पाठीमागचं जवळजवळ नाही.

"म्हणजे तुझ्या काकांसारखा. समोर जाऊन उभं राहिल्याशिवाय ऐकूच येत नाय."

काका आतून म्हणाले, "हे ऐकू आलं मला."

त्या कागदावरून आपण स्नेअरचा माइक असा वळवला की त्याची पाठ ड्रमसोबतच्या झांजेकडे राहील. मग झांजेचा कचकचाट त्यात शिरेना. पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा आवाज मात्र रिकाम्या पिंपासारखा यायचा. तू तुझी जुनी गोधडी घडी करून त्याच्या पोटात घातलीस आणि सगळ्यात जड माइक तिच्यावर आडवा निजवलास. "आता झोपून ऐकेल." स्टँडच्या पकडीला तू सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्यास, म्हणजे धक्का माइकपर्यंत पोचत नाही. ते तुझं. पाठ फिरवायचं माझं. आपण दोघींनी मिळून एक ड्रम ऐकू येईल असा केला, आणि याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. तूही नाही. विलास मात्र पहिल्या हळदीत अर्ध्या गाण्यात वाजवायचा थांबला होता. स्वतःचा ड्रम त्याने पहिल्यांदा ऐकला होता म्हणे.

तुझी तपासायची जागा वेगळीच होती. साउंडवाले मिक्सरपाशी उभे राहून ऐकतात. तू मंडपाच्या पार मागे जायचीस, जिथे चुली पेटलेल्या असायच्या आणि बायका भाताची भांडी उतरवत असायच्या. तिथे उभी राहून त्यांनाच विचारायचीस, "ऐकू येतो का गो पायाचा?" कोणी म्हणायची, येतो पण ढबढब येतो. कोणी म्हणायची, काकी, आवाज जाऊ दे, मीठ बघा. तू मीठ बघायचीस, मग लांबूनच मला हात करायचीस. हात वर म्हणजे वाढव, तळवा खाली म्हणजे कमी. पुढच्या खुर्च्यांवरच्या पाहुण्यांना काय ऐकू येतं याची तू कधी फार फिकीर केली नाहीस. "त्यांना फुकट ऐकू येतंय. ह्या बाया उभ्यात."

आता भांडण.

त्या पहिल्या खरेदीत पाच माइक होते. चार ठोकले तरी चालणारे, आणि एक माझ्या हट्टाचा. लांब, बारीक, पोटात सेल घालायचा, ड्रमच्या वर उंच टांगायचा. कल्याणच्या एका सभागृहात शाळेच्या कार्यक्रमाला मी तसा ऐकला होता. झांज वाजली की ती हवेत विरत जाताना ऐकू यायची, पार शेवटपर्यंत. तुला ते मी नीट सांगू शकले नाही. एवढंच म्हटलं की मला तो हवाय. तू घेतलास.

तो दसऱ्यापर्यंत टिकला. खंडेनवमीला आपल्याकडे कोयता, विळा, कुदळ, काकांची बांबूची आकडी, सगळ्यांची पूजा होते. त्यात तू माइक मांडलेस, पाटावर, ओळीने. आणि तू पूजा करायचीस ती मनापासून. हळद, कुंकू, अक्षता, वर नारळाचं पाणी, आणि सगळं बरोबर डोक्यावर. माइकचं डोकं म्हणजे जाळी. मी समोर बसून बघत होते. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. माणसाला लावतात तिथेच माइकला लावलं.

दिवाळीनंतरच्या पहिल्या कार्यक्रमाला चारही माइक कोंडल्यासारखे बोलायला लागले आणि पाचवा नुसताच खरखरत राहिला. तू ऐकलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "चांगलीच पूजा झाली गो. वाचाच गेली."

चारांच्या जाळ्या फिरवून निघाल्या. आतला स्पंज, जाळी, सगळं धुऊन, वाळवून परत बसवलं की ते पहिल्यासारखे झाले. माझा मात्र उघडेचना. त्याच्या बारीक फटींतून कुंकू आत गेलं होतं, आणि ते तिथेच राहिलं. त्या दिवशी तू तुझा नियम केलास. उघडून धुता येत नाही तो माइक घरात आणायचा नाही.

मी म्हटलं, नियम पूजेला कर. डोक्याला फडकं बांध आणि कुंकू दांड्याला लाव. मग माइक कुठलाही चालेल. तुला ते पटलं, आणि पुढच्या वर्षीपासून आपले माइक पूजेला डोक्याला रुमाल बांधून बसायचे, भातलावणीला निघालेल्या बायकांसारखे. पण नियम तू सोडला नाहीस.

"पूजा एक दिवसाची. हळदीत हळद उडते ती? धुळीचं काय? पावसात पेटीला बुरशी येते तिचं? तिथं कोण रुमाल बांधतंय?"

"पण आत्या, झांज ऐकूच येत नाही नीट."

"सभागृहाला भिंती असतात, बाय. आपल्याकडं कापड. तुझा तो वरचा माइक जनरेटर पण ऐकेल आणि फटाके पण."

हे आपण किती वर्षं बोललो. मी कॉलेजला गेले, मग नोकरीला लागले, दर सुट्टीला धसईच्या बसमधून उतरले की पिशवी ठेवायच्या आधी तू विचारायचीस, "आणलास का वरचा?" मी म्हणायचे, तू म्हण, लगेच आणते. मला माझं म्हणणं आजही बरोबर वाटतं. तुझंही वाटतं. भाताच्या चुलीपाशी उभं राहून मी ऐकलंय. तिथे पायाचा ड्रम पोचतो आणि झांज पोचत नाही हे खरं आहे. पण पोचायला हवी की नको, यावर आपलं एकमत नव्हतं. तू म्हणायचीस, ठेका पोचला म्हणजे झालं. मला वाटायचं, त्या बायकांनाही झांज विरताना ऐकू यावी. एवढाच फरक. घरात मी कोणाशीच कधी भांडले नाही. तुझ्याशी भांडता यायचं. ते मला कुठे ठेवावं कळत नाहीये आता.

गेल्या वेळी, तू दवाखान्यात जायच्या आधी, मी निघताना दारात म्हणालीस, "एकदा आण तो वरचा. विकत नको, भाड्यानं आण. बघू काय करतो." मी हो म्हटलं. बस दारासमोर येऊन थांबली होती. मला विचारायचं होतं की आत्ताच का, इतक्या वर्षांनी. कंडक्टर घाई करत होता. हा प्रश्न राहून गेला.

दहाव्याला विलास आला होता. कोपऱ्यात बसला होता बराच वेळ. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "काकीची गोधडी माझ्याकडं हाय. ड्रममधी. परत आणून देऊ का?" एवढ्या रडारडीत तोवर माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. गोधडीचं नाव काढल्यावर आलं.

यंदा घरात सण नाही. खंडेनवमीला कोयत्याला कुंकू लागलं नाही, पाट मांडला नाही. मी शहापूरहून मुद्दाम आले होते. तू नसताना पेटी त्या दिवशी बंदच राहणार, हे मला सहन होईना. पण पूजा तर करायची नाही. मग पूजेच्या दुसऱ्या दिवशी माइक उघडून धुवायचं तुझं काम मी खंडेनवमीलाच केलं. पेटी अंगणात आणली, परातीत पाणी घेतलं आणि एकेक जाळी फिरवून काढायला लागले.

तीन निघाल्या सहज. गेल्या उन्हाळ्याची धूळ, कुठल्या तरी नवरीची हळद, एका जाळीत चक्क भाताचं शीत. पायाच्या ड्रमचा माइक, तो गोधडीवर निजणारा, त्याची जाळी घट्ट बसली होती. तिच्या आतल्या कडेला, आट्यांच्या खाचेत, काहीतरी काळपट कडक झालेलं होतं. मी तो भाग पाण्यात धरला आणि जुन्या टूथब्रशने घासला.

परातीतलं पाणी गुलाबी झालं.

आत्या, ते पहिल्या वर्षीचं कुंकू होतं. नंतर आपण रुमाल बांधत होतो, नंतर तिथे कुंकू जायला वाटच नव्हती. तेव्हा इतकं धुतलं होतं आपण, तरी खाचेत राहिलं. आणि इतकी वर्षं त्याच्यासकट तो माइक वाजत होता, एकाही कार्यक्रमाला न कुरकुरता. तू निवडलेला तो. तोलून पाहिलेला.

काका गोठ्यातून हात पुसत आले. परातीपाशी उभे राहिले.

"कशाला धुतेस? तो माणूस बघायला येणार म्हणून?"

एरवी मी मान हलवली असती आणि त्यांनी ती हो समजून घेतली असती. ते समोर उभे होते, म्हणजे ऐकू येणार होतं.

"नाही. तुळशीचं लग्न झालं की हळदी सुरू होतात. त्याच्यासाठी."

"करणार कोण?"

"मी. शनिवार-रविवार. विलास मांडून देईल, मी ऐकेन."

त्यांनी खाली वाकून परातीत बोट बुडवलं आणि बोटाकडे पाहिलं. "हे तिचं?"

"हो."

"अजून हाय?"

"होतं. आता निघालं."

ते आत गेले. मला वाटलं संपलं. ते सूप घेऊन बाहेर आले, त्याच्यात स्वच्छ फडकं पसरलं आणि जाळ्या एकेक करून त्यावर पालथ्या मांडल्या, उन्हाच्या बाजूला. मग म्हणाले, "पाणी मोरीत नको ओतू. अबोलीला घाल." आणि जरा वेळाने, दाराकडे तोंड करून, मला नाही तर दाराला सांगावं तसं, "त्या किन्हवलीवाल्याला सांगतो, येऊ नको म्हणून."

मी अबोलीला पाणी घातलं. विलासला निरोप पाठवला की गोधडी ड्रममध्येच राहू दे, तिला ऊन मात्र दाखव.

आता काय ठरलंय ते सांगते. पहिली हळद धसईतच आहे, बाजाराच्या मागच्या आळीत. चार माइक तुझे, तू ठेवायचीस तसेच, स्नेअरच्या माइकची पाठ झांजेकडे. पाचवा मी भाड्याने आणतेय, उंच टांगायचा. त्याला वरून पातळ कापडाची टोपी शिवलीय, हळद अडवायला. टोपी तुला आवडली नसती. मिक्सरवर विलासच्या भावाला बसवणार आहे, कारण मला तिथे बसून चालणार नाही. वरच्या माइकने काही फरक पडतो की नाही, हे मिक्सरपाशी कळत नाही. ते कळतं मागे, चुलींपाशी. कदाचित तो जनरेटरच ऐकेल. मग तू जिंकलीस, आणि मी तो सोमवारी परत करीन. कदाचित नाही ऐकणार.

तिथे बायका असतील, भाताची भांडी उतरवत. त्यांना कोणीतरी विचारायला हवं. मी ते वाक्य मनात म्हणून बघितलंय, तुझ्यासारखंच येतं. ऐकू येते का गो झांज? एवढं मला विचारता येईल. आणि त्यांनी मीठ बघायला सांगितलं, तर तेही बघीन.

तुझी,
बाय